गावाने काढलेली खाजगी शाळा

१६४५ साली बॉस्टनला खेटून असलेल्या रॉक्सबरी गावच्या लोकांनी एक करारपत्र केलं. गाव वसून जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. शाळा हवी, मास्तराला वर्षाला २० पौंड पगार हवा आणि तो कुणाच्या लहरीवर राहू नये, म्हणून करारात सामील झालेल्यांनी तो आपापल्या घरांवर नि जमिनींवर बसवून घेतला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं, तर स्वतःच्या सातबाऱ्यावर शाळेचा बोजा चढवून घेतला. पुढच्या पिढ्यांत धर्माची आणि राज्याची सेवा करणारी माणसं तयार व्हावीत, असा हेतूही कागदावर लिहून ठेवला. त्याच कागदात आणखी एक कलम होतं, ते मला फार बोलकं वाटतं. गावातला जो रहिवासी या करारात सामील होणार नाही, त्याला या शाळेत परगावच्या माणसाइतकाच हक्क राहील, त्याहून जास्त नाही.

म्हणजे शाळेचं नाव ‘फ्री स्कूल’, काढली गावाने, आणि दाराशी पहिल्याच दिवशी प्रश्न उभा: तुझ्या बापाने वर्गणी दिली का?

ही शाळा आजही चालू आहे. रॉक्सबरी लॅटिन स्कूल. फक्त मुलग्यांची, सातवी ते बारावी, सुमारे ३०० विद्यार्थी. वसतिगृह नाही, संध्याकाळी पोरं घरी. सगळी तयारी कॉलेजसाठी. ‘मेलेले जिवंतांना शिकवतात’ अशा अर्थाचं लॅटिन ब्रीदवाक्य. उत्तर अमेरिकेत खंड न पडता चाललेली सर्वांत जुनी शाळा, असा तिचा दावा आहे. बॉस्टन लॅटिन तिच्याहून दहा वर्षांनी थोरली, १६३५ ची. पण स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत ती काही काळ बंद होती. दोन्ही शाळा लॅटिन शिकवायला निघाल्या, कारण १६३६ मध्ये नदीपलीकडे हार्वर्ड निघालं होतं आणि तिथे शिरायला लॅटिन लागे. दोन सख्ख्या बहिणीच म्हणा. मात्र आज थोरली सरकारी आहे, तिथे फी नाही. धाकटी खाजगी आहे.

एकाच मातीतल्या, एकाच हेतूच्या दोन शाळांपैकी एक सार्वजनिक आणि एक खाजगी कशी झाली? हा प्रश्न मला इतिहासाच्या कुतूहलापुरता वाटत नाही. ‘खाजगी शाळा म्हणजे ज्याची त्याची खाजगी बाब’ असं आज अमेरिकेत आणि आपल्याकडेही इतक्या सहज म्हटलं जातं, की त्या शब्दाची वंशावळ एकदा काढून पाहायला हवी. मी ती काढायला बसलो तेव्हा माझी समजूत अशी होती की खाजगी शाळा म्हणजे कुणा धनिकाने काढलेली, आणि सरकारी म्हणजे गावाने काढलेली. रॉक्सबरीच्या कागदाने ती पहिल्याच फटक्यात मोडली.

सतराव्या-अठराव्या शतकात हा फरकच कुणाच्या डोक्यात नव्हता. गावाची वर्गणी, मेलेल्या माणसाची देणगी, पालकांनी दिलेलं सरपण, सगळं एकाच चुलीत जाई. टॉमस बेल नावाचा रॉक्सबरीचा जुना रहिवासी इंग्लंडला परतला आणि १६७१ च्या मृत्युपत्रात गावातली आपली मोठी जमीन शाळेला देऊन गेला. शाळेच्या तिजोरीचा पाया तो. १७८९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने कायदा करून शाळेच्या विश्वस्तांना कायदेशीर देह दिला. तेव्हाही ‘आम्ही खाजगी’ असं म्हणायची गरज कुणाला पडली नसावी. मधल्या काळात शाळेने आपलं नाव राखलं. तिथे शिकलेला आणि पुढे वर्षभर तिथेच शिकवलेला जोसेफ वॉरन १७७५ मध्ये स्वातंत्र्ययुद्धातल्या बंकर हिलच्या लढाईत पडला.

रेघ आखली गेली ती शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्यातल्या एका भांडणातून. १८१६ मध्ये त्या राज्याने डार्टमथ कॉलेज ताब्यात घेऊन त्याचं सरकारी विद्यापीठ करायचा घाट घातला. विश्वस्त कोर्टात गेले. १८१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कॉलेजची सनद हा करार आहे आणि राज्याला तो मोडता येणार नाही. त्या निकालाने देणगीवर चालणाऱ्या संस्थांना सरकारपासून अभय मिळालं. ते चांगलंच झालं. आलेल्या प्रत्येक राज्यकर्त्याने कॉलेजं गिळायला सुरुवात केली असती तर काय राहिलं असतं? पण त्याच निकालाची दुसरी बाजू अशी की लोकोपयोगासाठी ठेवलेला पैसा कायमचा विश्वस्तांच्या हाती गेला, आणि ‘लोक’ म्हणजे कोण हे ठरवणंही त्यांच्याकडेच गेलं.

तर माझं म्हणणं हे: ‘खाजगी’ हा या शाळांचा जन्मजात गुण नाही. तो कायद्याने नंतर दिलेला दर्जा आहे आणि त्या दर्जात कुणाला बाहेर ठेवायचं याचा अधिकार आलेला आहे. अधिकार कायद्याने दिला, वर करमाफीही दिली, तर त्याचा हिशोब मागण्याचा हक्क समाजाला राहतोच.

कुणाला बाहेर ठेवलं, ते पाहू. इथे बॉस्टनची गोष्ट थेट अहमदनगर नि पुण्यात येते.

१८१० मध्ये स्थापन झालेल्या, बॉस्टनला मुख्यालय असलेल्या अमेरिकन बोर्डाने परदेशात मिशनरी धाडले. १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले. पुढे त्याचंच अमेरिकन मराठी मिशन झालं. १८२७ मध्ये याच बोर्डाने सिंथिया फॅरार या अविवाहित बाईंना मुंबईला पाठवलं, मुलींच्या शाळांसाठी. नंतर त्या अहमदनगरला गेल्या आणि तिथेच १८६२ मध्ये वारल्या. जोतीराव फुल्यांनी स्वतः सांगून ठेवलं आहे की नगरला मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि पुण्यात तशी शाळा काढायची उमेद आली. १८४८ मध्ये भिडेवाड्यात जे घडलं ते आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे बॉस्टनच्या मुलखातल्या, चर्चमधल्या थाळीत पडलेल्या नाण्यांचा त्यात दूरचा का होईना हात होता.

आता त्याच १८४८ मध्ये खुद्द बॉस्टनमध्ये काय चाललं होतं? बेंजामिन रॉबर्ट्स नावाच्या कृष्णवर्णीय मुद्रकाने आपल्या लहानग्या सारासाठी शहरावर दावा लावला होता. तिला काळ्या मुलांच्या शाळेत जाताना वाटेत गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडाव्या लागत. तिची बाजू मांडली चार्ल्स सम्नर या गोऱ्या आणि रॉबर्ट मॉरिस या कृष्णवर्णीय वकिलाने. सम्नर स्वतः बॉस्टन लॅटिनचा विद्यार्थी. १८५० मध्ये निकाल साराच्या विरुद्ध गेला. पाच वर्षांनी विधिमंडळाने कायदा करून वेगळ्या शाळा बंद केल्या खऱ्या, पण तो निकाल कायद्याच्या पुस्तकांत राहिला आणि १८९६ मध्ये ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करताना सर्वोच्च न्यायालयाने त्याचाच आधार घेतला.

आणि मुली? नगरच्या मुलींसाठी बाई पाठवणाऱ्या या शहरातल्या दोन्ही लॅटिन शाळांत मुलीला प्रवेश नव्हता. मुलींसाठी वेगळी लॅटिन शाळा निघाली ती १८७७ मध्ये, म्हणजे भिडेवाड्यानंतर २९ वर्षांनी. हे मी बॉस्टनला खजील करायला लिहीत नाही. परगावी धर्मादाय करणं सोपं असतं. स्वतःच्या गावात दार उघडायचं म्हणजे आपल्या मुलाची जागा वाटून घेणं आलं.

थोरलीने, म्हणजे सरकारी बॉस्टन लॅटिनने, १९७२ मध्ये मुलींना घेतलं. घ्यावंच लागलं, सरकारी शाळेला नाही म्हणायची सोय उरली नव्हती. धाकटी आजही मुलग्यांचीच आहे आणि कायदेशीरपणे आहे, कारण शिक्षणात लिंगभेद करू नये असं सांगणाऱ्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यातून अशा शाळांचे प्रवेश वगळलेले आहेत. मुलग्यांची वेगळी शाळा असावी की नाही यावर मी फार डोकेफोड करणार नाही. ती चालवणाऱ्यांचं म्हणणं असं की तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मुलींदेखत कविता म्हणायला, गायला, रडायला लाजतो, आणि मुलग्यांच्याच वर्गात तो मोकळा होतो. असेलही. मला त्यात तथ्य वाटतं, पण ते तथ्य साडेतीनशे वर्षांनंतर सापडलं. मूळ कारण साधं होतं. शाळा हार्वर्डसाठी होती आणि हार्वर्ड मुलग्यांसाठी.

‘डे स्कूल’, म्हणजे जिथून पोरं रोज घरी जातात अशी शाळा, या शब्दाबद्दल दोन ओळी. अमेरिकेतल्या श्रीमंतांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या धर्तीवर मुलगे निवासी शाळांत धाडायला सुरुवात केली होती. १८९७ मध्ये बॉल्टिमोरच्या ॲन गॅलब्रेथ कॅरी या बाईंना मैदानं, मोकळी हवा, कडक अभ्यास हे सगळं हवं होतं, फक्त मुलगा रात्री घरी जेवायला हवा होता. त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष डॅनियल कॉइट गिलमन यांचं पाठबळ घेऊन शाळा काढली. पुढे तिला त्यांचंच नाव मिळालं. ‘कंट्री डे स्कूल’ नावाचा प्रकार तिथून देशभर पसरला. सुरुवातीला ती ज्या होमवूड हवेलीत भरे, ती अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या चार्ल्स कॅरल यांच्या मुलाची. गुलामांच्या राबण्यावर उभी राहिलेली. १९१० मध्ये शाळा रोलंड पार्कला गेली, तेव्हाच्या बेतशीर आखलेल्या नव्या उपनगरात. शाळा शहराबाहेर का गेली, या प्रश्नाकडे मी परत येणार आहे.

आता रॉक्सबरी लॅटिनचा तो विद्यार्थी, ज्याच्यामुळे मी हा लेख लिहायला घेतला.

जेम्स ब्रायंट कॉनंट. जन्म १८९३, शेजारच्या डॉर्चेस्टरचा. वडील छपाईसाठी ठसे कोरण्याच्या धंद्यातले. घरचं ठीक, पण बॉस्टनच्या खानदानी घराण्यांतलं नव्हे. रॉक्सबरी लॅटिनमध्ये न्यूटन हेन्री ब्लॅक नावाचे विज्ञानाचे मास्तर भेटले. त्यांनी पोराला रसायनशास्त्राचं असं वेड लावलं की पुढे गुरुशिष्यांनी मिळून पाठ्यपुस्तक लिहिलं. १९१० मध्ये शाळा संपली, तीन वर्षांत हार्वर्डची पदवी, १९१६ मध्ये डॉक्टरेट आणि १९३३ मध्ये हार्वर्डचं अध्यक्षपद. एका मास्तराने एका मुलाच्या आयुष्याचं काय करावं, याचं याहून देखणं उदाहरण मिळणं कठीण. खाजगी शाळेची बाजू मांडायची तर मी आकडे देणार नाही, ब्लॅक मास्तरांचं नाव घेईन.

कॉनंटला हार्वर्डमध्ये दिसलं की तिथे ठरावीक शाळांतली ठरावीक पोरं येतात. देशाच्या कोपऱ्यातला हुशार पण गरीब मुलगा आत आणायचा, तर त्याला ओळखायचं कसं? त्याने १९३४ पासून राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या आणि निवडीसाठी १९२६ मध्ये निघालेली एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा वापरली. हे काम बघणारा त्याचा सहायक हेन्री चॉन्सी. १९४७ मध्ये ही परीक्षा घेणारी मोठी संस्था उभी राहिली तेव्हा तोच तिचा पहिला अध्यक्ष झाला. घराणं न बघता गुण बघायचे, ही कल्पना. त्या कल्पनेतून पुढे क्लासचा केवढा धंदा उभा राहिला, ते कोटा-लातूर पाहिलेल्या माणसाला मी काय सांगणार. पैसा मागच्या दाराने आत आलाच. तरी कॉनंटच्या मनात खोट नव्हती, असंच मला वाटतं.

मग युद्ध आलं. अणुबाँबच्या संशोधनाची सूत्रं हलवणाऱ्यांत कॉनंट होता आणि १९४५ ची पहिली चाचणी त्याने डोळ्यांनी पाहिली. युद्धानंतर त्याचं लक्ष शाळांकडे वळलं. एप्रिल १९५२ मध्ये बॉस्टनमध्येच, शाळांच्या प्रशासकांच्या संमेलनात, त्याने भाषण केलं. खाजगी शाळांत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण जितकं वाढेल तितका लोकशाही ऐक्याला धोका, आणि अशा शाळांना सरकारी पैसा देऊ नये, असा त्याचा सूर होता. गदारोळ झाला. कॅथॉलिक धर्मगुरूंना वाटलं रोख आपल्या शाळांवर आहे. काहींनी त्याला देशाच्या एकरंगी साच्याचा भोक्ता म्हटलं. आणि सर्वांना सुचलेला टोमणा उघडच होता. स्वतः कुठे शिकलास?

हा टोमणा मला फुसका वाटतो. शिडीने वर गेलेल्यानेच सांगायला हवं की शिडी अरुंद आहे. त्याच्या युक्तिवादातलं खरं वैगुण्य वेगळीकडे आहे.

त्याआधी विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. १९२२ मध्ये ओरेगन राज्याने सगळ्या मुलांनी सरकारी शाळेतच जावं असा कायदा केला होता. त्यामागे कू क्लक्स क्लान या गोऱ्यांचं वर्चस्व मिरवणाऱ्या संघटनेचा जोर होता आणि निशाण्यावर मुख्यतः कॅथॉलिक होते. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या दोघांत एक कॅथॉलिक जोगिणींची (नन्सची) संस्था होती आणि दुसरी मुलग्यांची खाजगी लष्करी शाळा. १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा फेटाळला आणि मूल ही सरकारची मालमत्ता नाही, असा निर्वाळा दिला. मला तो निकाल शंभर टक्के पटतो. सगळ्यांनी सरकारी शाळेतच जावं, असं सांगणाऱ्याच्या हातात उद्याची पाठ्यपुस्तकं कुणाची असतील, हे आपण भारतातही ओळखून असावं. खाजगी शाळा असाव्यातच. माझा वाद त्यांच्या असण्याशी नाही.

कॉनंटने धोका पाहिला तो शाळेच्या फाटकावर. पण त्याच वर्षांत अमेरिकेत भिंत दुसरीकडेच बांधली जात होती, उपनगरांच्या हद्दीवर. अमेरिकेत सरकारी शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक घरपट्टीतून येतो. महाग घरं, भरपूर घरपट्टी, चांगली शाळा; चांगली शाळा म्हणून घरं आणखी महाग. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शाळांच्या पैशातली ही तफावत राज्यघटनेविरुद्ध नाही. पुढच्याच वर्षी, डेट्रॉइटच्या खटल्यात, पुन्हा पाच विरुद्ध चारने, ठरलं की शहरातल्या शाळांतली वर्णविभागणी मोडायला उपनगरांना जबरदस्तीने सामील करून घेता येणार नाही. आणि त्याच १९७४ च्या उन्हाळ्यात बॉस्टनमध्ये न्यायाधीश गॅरिटींनी मुलांना बसने इकडच्या वस्तीतून तिकडच्या शाळेत नेण्याचा हुकूम दिला. शहर पेटलं, बसवर दगड पडले. ज्यांना जमलं ते हद्दीपलीकडे राहायला गेले किंवा पोरांना खाजगी शाळांत घालून मोकळे झाले. शहराच्या हद्दीत उरलेल्या गरीब गोऱ्यांनी आणि गरीब काळ्यांनी एकमेकांशी भांडायचं होतं. ते भांडले.

हे आपल्या लोकांना परकं वाटायचं कारण नाही. बॉस्टनच्या पश्चिमेला लेक्सिंग्टन, ॲक्टन, श्रूजबरी, वेस्टबरो या गावांत कितीतरी मराठी घरं आहेत. घर घेताना तिथली मंडळी आधी काय बघतात? स्वयंपाकघर नाही, तळघर नाही, शाळेचा क्रमांक. ‘आम्ही काही मुलांना प्रायव्हेट शाळेत घातलं नाही, पब्लिकमध्येच शिकली,’ असं पुण्याला आल्यावर अभिमानाने सांगतात, आणि त्यात खोटं काही नसतं. फी त्यांनीही भरलेली असते, फक्त ती घराच्या हप्त्यात मिसळलेली असते. खाजगी शाळा निदान फीचा आकडा छापते. शिवाय रॉक्सबरी लॅटिनसारखी शाळा जुन्या निधीच्या जोरावर शेजारच्या तशाच शाळांपेक्षा बरीच कमी फी घेते आणि पैसे नाहीत म्हणून निवडलेल्या मुलाला परत पाठवत नाही. उपनगराची सरकारी शाळा, ज्याला तिथे घर परवडत नाही त्याच्याशी एवढीही भलाई करत नाही. १९६६ पासून बॉस्टनच्या काही मुलांना बसने उपनगरांत नेणारी मेटको नावाची योजना आहे. चांगली आहे, ऐच्छिक आहे आणि छोटी आहे.

कॉनंटला हे पुढे उमगलं. १९६१ मध्ये त्याने झोपडपट्ट्या आणि उपनगरं यांच्या शाळांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं आणि शहरातल्या बेकार, शाळा सुटलेल्या तरुणांना सामाजिक सुरुंगाची उपमा दिली. खाजगी शाळांबद्दलचा आवेश त्यात नव्हता. म्हणजे माणसाने नऊ वर्षांत बोट योग्य जागी सरकवलं होतं.

मग खाजगी शाळा सुटली का? माझ्या मते नाही. हद्दीची भिंत मोठी आहे म्हणून फाटकाची लहान भिंत माफ होत नाही. अशा शाळा अमेरिकेच्या करकायद्यात धर्मादाय संस्था आहेत. देणगीदाराला करात सूट, निधीच्या वाढीवर सूट, जमिनीवर सूट. ही सूट म्हणजे न गोळा केलेला सार्वजनिक पैसा. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी शाळांना वंशावरून प्रवेश नाकारता येणार नाही असं सांगितलं, आणि १९८३ मध्ये वंशभेद करणाऱ्या संस्थेला करमाफी नाही, असंही. म्हणजे तत्त्व मान्य झालेलं आहे: सूट हवी तर समाजाची अट पाळा. अट फक्त वंशापाशी का थांबावी?

रॉक्सबरीचंच घ्या. १९२७ मध्ये शाळा जुन्या गावातून वेस्ट रॉक्सबरीला गेली. जुनं रॉक्सबरी पुढे बॉस्टनमधल्या कृष्णवर्णीयांचं मुख्य ठाणं झालं. चाळीसच्या दशकात कोवळ्या वयातला माल्कम एक्स, पुढे कृष्णवर्णीयांचा गाजलेला नेता, तिथेच बहिणीकडे राहिला. शाळा त्यांना टाळायला गेली, असं म्हणणं अन्यायाचं होईल, कारण ती गेली तेव्हा ते मोठ्या संख्येने यायचे होते. पण १६४५ चा बोजा ज्या जमिनींवर होता, टॉमस बेलने जी जमीन दिली, ती सगळी त्या गावची. त्या मातीवर आज राहणाऱ्या पोराचा या शाळेवर काही हक्क आहे की तो ‘परगावचा’ ठरतो? अशा सर्व जुन्या शाळांकडे मी एवढंच मागेन: ज्या गावाच्या पैशावर उभ्या राहिलात त्या गावच्या मुलांसाठी ठरावीक जागा जाहीर करा, आणि दरवर्षी छापा, अर्ज किती, घेतले किती, त्यांत माजी विद्यार्थ्यांचे मुलगे किती, भाऊ किती, कुठल्या वस्तीतले किती. प्रवेश कुणाला द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. हिशोब मात्र चव्हाट्यावर ठेवा.

थोरल्या बहिणीचा हिशोब तर चव्हाट्यावरच आहे. बॉस्टन लॅटिनच्या राखीव जागा कोर्टाने १९९८ मध्ये रद्द केल्या. २०२१ मध्ये शहराने वस्तीच्या आर्थिक स्तरावर आधारलेली नवी पद्धत आणली. तिच्या आधीच्या वर्षापुरत्या केलेल्या बदलावर काही पालक कोर्टात गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं प्रकरण ऐकायला नकार दिला. भांडण, आरडाओरडा, सभा, वर्तमानपत्रं. सार्वजनिक शाळेला हे सगळं सोसावं लागतं. धाकटी शांत असते, कारण तिला कुणी विचारत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे कॉनंटच्या सत्तर वर्षं आधी विचारला गेला होता. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो; आधी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी. त्याच पुण्यात दोन वर्षांपूर्वी, १ जानेवारी १८८० ला, चिपळूणकर-टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं होतं. खाजगी, दिवसाची, मुलग्यांची, मॅट्रिक आणि पुढच्या कॉलेजसाठी. १८८५ मध्ये फर्ग्युसन निघालंच. त्या तरुणांचा त्याग खोटा नव्हता. सरकारी नोकरी नाकारून तुटपुंज्या पगारावर शिकवणं ही थट्टा नाही. पण त्यांच्या ‘खाजगी’चा अर्थ होता इंग्रज सरकारपासून स्वतंत्र. जोतीराव विचारत होते, कुणासाठी. दोघांचे प्रश्न वेगळे होते आणि दोन्ही खरे होते. आपल्या इतिहासलेखनाने दुसरा बराच काळ पायरीवरच बसवून ठेवला.

निदान कायद्यात तरी आपण अमेरिकेच्या पुढे गेलो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांनाही पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांसाठी ठेवायला लावल्या, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. अंमलबजावणीची रड सर्वांना माहीत आहे. सरकार शाळांची भरपाई थकवतं, शाळा पालकांना खेटे घालायला लावतात. तरीही अमेरिकेतल्या कुठल्याही पुरोगाम्याला ऐकवावं असं हे कलम आहे. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच सरकारने काय केलं? सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून मोकळं केलं. जोतीरावांच्या राज्यात, अधिसूचना काढून. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये ती रद्दच केली. वाद मिटला असं मला वाटत नाही. नवा रस्ता शोधणारे शोधतीलच.

अमेरिकेत तर वारं उलट्या दिशेने वाहतंय. २०२२ मध्ये ॲरिझोनाने खाजगी शाळेसाठी सरकारी पैसा कुठल्याही पालकाला, तो कितीही श्रीमंत असो, खुला केला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने खाजगी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीनिधीला देणगी देणाऱ्याला करात सवलत दिली. ती २०२७ पासून लागू होईल, ज्या राज्यांना हवी तिथे. पैसा सर्वांचा, फाटकावरचा निर्णय मात्र शाळेचा. १९५२ मध्ये कॉनंट ज्याला नको म्हणाला ते हेच.

रॉक्सबरीच्या त्या करारामागे एक माणूस होता, त्याचं नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. जॉन एलियट, गावचा पाद्री. त्याने तिथल्या मूळ रहिवाशांची मॅसॅच्युसेट भाषा शिकून १६६३ मध्ये त्या भाषेत सबंध बायबल छापलं. आपल्या फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणानंतर अर्ध्या शतकाने. म्हातारपणी, १६८९ मध्ये, त्याने जवळच्या जमेका प्लेन भागातल्या दुसऱ्या एका शाळेला जमीन दिली आणि दानपत्रात अट घातली की तिथे वसाहतकऱ्यांच्या मुलांबरोबर इंडियन आणि निग्रो मुलांनाही शिकवावं. तीही शाळा अजून आहे, पहिलीपासून काही मैलांवर. तिथे आता सुतारकाम, शिवणकाम, चित्रकला शिकवतात.